पायऱ्यांवरचा हात

किरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर फ्रोडो झोपला आहे. डोकं सॅमच्या मांडीवर. पहाऱ्याला बसलेल्या सॅमलाही डुलकी लागली आहे. त्याचा एक हात फ्रोडोच्या कपाळावर आहे, दुसरा छातीवर. वर डोंगरात शेलॉब नावाची अजस्र कोळीण दबा धरून आहे आणि गॉलम तिच्याकडेच जाऊन, या दोघांना तिच्या तोंडी द्यायचं ठरवून परत आला आहे. झोपलेले दोघं दिसतात आणि तो थबकतो. एकदा मागे वळून खिंडीकडे बघतो. मान हलवतो. मग जवळ येऊन थरथरत्या बोटांनी फ्रोडोच्या गुडघ्याला हात लावतो, अगदी हलकेच, माया केल्यासारखा. त्या घटकेला कोणी त्याला पाहिलं असतं, तर दगाबाज प्राणी दिसलाच नसता. आपली सगळी माणसं कधीच मातीआड गेलेली आणि आपण तेवढे मागे उरलेलो, असा एक जख्ख म्हातारा हॉबिट दिसला असता. पण पाहणार कोण? फ्रोडो झोपेत कण्हतो, सॅम दचकून जागा होतो आणि त्याला दिसतो तो मालकाच्या अंगाशी आलेला हात. तो खेकसतो. गॉलमच्या डोळ्यांत ती जुनी हिरवट चमक परत येते. सॅम नंतर माफी मागतो, पण घटका टळलेली असते.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या हजारभर पानांत वेढे आहेत, राजे आहेत, एका अख्ख्या युगाचा शेवट आहे. तरीही या कथेतला कदाचित सर्वांत शोकात्म क्षण म्हणून टॉल्किनने १९६३ साली एका पत्रात निवडला तो हा. गॉलम बदलू पाहत होता आणि सॅमला ते दिसलं नाही. सॅम वाईट असता तर हे इतकं लागलं नसतं. या कादंबरीत त्याच्याइतकं निखळ प्रेम दुसरं कोणीच करत नाही. मालकावरच्या त्याच प्रेमापायी तो समोरच्या जीवाला ओळखायला चुकतो.

आता याच पायऱ्या पीटर जॅक्सनच्या तिसऱ्या चित्रपटात पाहा. दोघं झोपलेले असताना गॉलम उरलीसुरली शिदोरी दरीत फेकून देतो आणि सॅमच्या कपड्यांवर तिचा चुरा भुरभुरवतो, म्हणजे चोरीचा आळ सॅमवर यावा. फ्रोडो त्या पुराव्यावर विश्वास ठेवतो आणि सॅमला घरी जायला सांगतो. सॅम रडत पायऱ्या उतरू लागतो.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पुस्तक वाचलेलं नव्हतं. ते त्या चित्रपटांमुळेच वाचलं आणि हे ऋण मी कधी विसरलेलो नाही. त्या दिवशी प्रेक्षागृहात सॅमबरोबर मीही रडलो होतो. पुढे काही महिन्यांनी वाचता वाचता त्या पायऱ्यांवर पोचलो, ती दोन पानं वाचली आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आपण पाहिलं ते काय आणि इथे लिहिलं आहे ते काय, यांतला फरक प्रसंग गाळल्याचा किंवा जोडल्याचा नव्हता. पुस्तकात त्या पायऱ्यांवर एक दार किलकिलं होतं आणि बंद होतं. चित्रपटात तिथे दारच नाही.

पुस्तक आणि चित्रपट यांची तुलना निघाली की गणती सुरू होते. टॉम बॉम्बॅडिल गाळला. नदीच्या उतारावर ग्लॉरफिंडेलच्या जागी आर्वेन आणली. हेल्म्स डीपच्या लढाईत पुस्तकात लेगोलसखेरीज एकही एल्फ नाही, इथे त्यांची फौज येते. गणती खरी आहे, पण तिच्यातून फारसं काही हाती लागत नाही. टॉम बॉम्बॅडिल गेल्याचं मला वाईट वाटतं, तरी त्याच्यावाचून ही गोष्ट उभी राहू शकते. हे पुस्तक कशाच्या जोरावर उभं आहे आणि तेवढं चित्रपटांनी सांभाळलं का, एवढंच विचारायला हवं. माझ्या मते ते एका गोष्टीवर उभं आहे आणि तिला मराठीत फार नेमका शब्द आहे: कणव.

टॉल्किनच्या इंग्रजी शब्दाला ‘कीव’ म्हटलं, तर वरून खाली पाहणं आलं. ‘दया’ म्हटलं, तर देणारा आणि घेणारा आला. ‘करुणा’ मोठी आहे, संतांच्या तोंडी शोभणारी. कणव साध्या माणसाला येते आणि ती येतेच. ठरवून करता येत नाही. दया करतात, कणव येते. फ्रोडोच्या आधी अंगठी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोला अंधाऱ्या बोगद्यात गॉलमला मारायची संधी होती, हातात तलवार होती, अंगठीमुळे तो अदृश्यही होता. त्या क्षणी त्याला गॉलमच्या एकटेपणाची, ओल्या दगडांत काढलेल्या त्या न संपणाऱ्या दिवसांची एकाएकी कल्पना आली आणि तो त्याच्या डोक्यावरून उडी मारून निघून गेला.

‘द हॉबिट’ १९३७ साली आलं तेव्हा त्यात हे नव्हतं. त्या पहिल्या आवृत्तीतला गॉलम कोड्यांच्या खेळात अंगठीच पणाला लावतो आणि ती सापडत नाही म्हणून निमूटपणे बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. पुढच्या मोठ्या कादंबरीला हे चालणार नव्हतं. टॉल्किनने ते प्रकरण नव्याने लिहिलं आणि १९५१ च्या आवृत्तीत बिल्बोची ती उडी आली. छापून चौदा वर्षं झालेल्या, मुलांच्या आवडत्या पुस्तकात लेखक मागे जातो आणि तिथे कणवेचं बी पेरून येतो. या एका क्षणावर त्याचा किती भार होता, हे यावरून कळतं.

त्या बियातून पुढे किती काय उगवतं! बिल्बोने सोडलं म्हणून गॉलम जगला. रानातल्या एल्फांनी बंदिवासातही त्याला झाडावर चढून वारा खाऊ दिला, म्हणून तो निसटला. फ्रोडोने त्याला दोरीने बांधायला लावलं आणि मग सोडलं. आणि शेवटी सॅम. ज्या सॅमने पायऱ्यांवर गॉलमला ओळखलं नाही, तोच माऊंट डूमच्या उतारावर तलवार घेऊन त्याच्यासमोर उभा राहतो. मधल्या काळात थोडा वेळ का होईना, सॅमने स्वतः अंगठी वागवलेली आहे. तिचं ओझं काय असतं हे त्याला आता ठाऊक आहे. समोर धुळीत पडलेला हा जीव तेच ओझं शेकडो वर्षं वाहत होता, हे त्याच्या ध्यानात येतं. ते त्याला शब्दांत मांडता येत नाही, पण हात उचलत नाही. तो गॉलमला हाकलून देतो, मारत नाही. पायऱ्यांवरची चूक इथे, उशिरा आणि अर्धीमुर्धी, फिटते. चित्रपटात याच उतारावर सॅम आणि गॉलम यांची झटापट आहे, वार आहे. ही फेड तिथे नाही.

मग तो कडा. पुस्तकातला फ्रोडो तिथे हरतो. अंगठी आगीत टाकून नष्ट करायची घटका येते आणि तो ती आपली म्हणतो. गॉलम झडप घालून बोटासकट अंगठी तोडून घेतो, आनंदाने नाचतो आणि नाचता नाचता पाय चुकून आगीत पडतो. त्याला कोणी ढकलत नाही. जग वाचतं ते कोणाच्या पराक्रमाने वाचत नाही. त्या कड्यावर गॉलम जिवंत पोचला म्हणून वाचतं, आणि तो जिवंत होता तो चार जणांनी चार वेळा हात आवरला म्हणून. जॅक्सनच्या चमूने आधी चित्रित केलेल्या रूपात फ्रोडो गॉलमला सरळ ढकलून देत होता. तो खून वाटतो हे त्यांना जाणवलं आणि त्यांनी प्रसंग पुन्हा चित्रित केला. आताच्या रूपात फ्रोडो अंगठी परत मिळवायला गॉलमवर धावून जातो, दोघं झटतात आणि कड्यावरून जातात; सॅम फ्रोडोला हात देतो. पहिल्यापेक्षा हे पुष्कळ बरं. पण अजूनही तिथे कोणीतरी काहीतरी करत असतं. काहीच न करण्यातून, कधीकाळी आवरलेल्या हातातून सुटका येते, हे चित्रपटाला सोसत नाही.

फॅरामिरचंही तेच झालं. १९४४ च्या मे महिन्यात टॉल्किनने दक्षिण आफ्रिकेत विमानदलाच्या प्रशिक्षणाला गेलेल्या आपल्या मुलाला, ख्रिस्तोफरला, कळवलं की इथिलियनच्या रानात एक नवा माणूस चालत आला आहे; आपण त्याला घडवलं नाही, हवा होता असंही नाही, पण तो आवडला आहे. पुढे एका पत्रात त्याने असंही लिहिलं की या कथेतलं कोणी आपल्यासारखं असेलच तर ते फॅरामिर. हा फॅरामिर धबधब्यामागच्या गुहेत बसलेला असताना सॅमच्या तोंडून अंगठीचं गुपित सुटतं. वाचकाच्या छातीत धस्स होतं, कारण याचाच भाऊ बोरोमिर त्या अंगठीपायी वाया गेलेला आपण पाहिला आहे. फॅरामिर उठून उभा राहतो. आणि पुन्हा खाली बसतो. एवढंच घडतं. त्या उठण्या-बसण्यामध्ये त्याने राज्य, विजय, बापाचं प्रेम, सगळं नाकारलेलं असतं.

चित्रपटातला फॅरामिर दोघांना कैद करून ऑस्गिलिआथला नेतो. पटकथा लिहिणाऱ्या फ्रॅन वॉल्श, फिलिपा बॉयेन्स आणि जॅक्सन यांनी आपली कारणं मोकळेपणाने सांगितली आहेत. अंगठीला कोणीच पुरून उरत नाही असं दोन चित्रपट दाखवत राहायचं आणि मध्येच एक माणूस तिला सहज नको म्हणतो असं दाखवायचं, तर तिची भीती ओसरते. शिवाय शेलॉबचा प्रसंग तिसऱ्या चित्रपटात ढकलल्यामुळे दुसऱ्याच्या शेवटी फ्रोडोच्या वाट्याला काही संकट हवं होतं. दुसरं कारण मला समजतं. पहिलं मुळीच पटत नाही. फॅरामिरने ‘सहज’ नाकारलं असं ते म्हणतात, कारण त्याची झुंज डोळ्यांना दिसत नाही. जो माणूस आयुष्यभर आपल्या मनाला वळण लावत आला आहे, त्याची झुंज त्या रात्रीच्या आधीच लढून झालेली असते. आणि त्या बदलाची किंमत बघा: ऑस्गिलिआथमध्ये फ्रोडो आकाशातल्या नाझगुलसमोर, म्हणजे शत्रू सॉरॉनच्या दूतासमोर, अंगठी उघड धरतो. अंगठी कुठे आहे हे सॉरॉनला कळू नये, यावरच तर सगळी मोहीम बेतलेली. ते एकदा कळल्यावर पुढचा चित्रपट चालायचा कसा?

इथे हमखास उत्तर मिळतं की माध्यम वेगळं आहे. मनातलं पडद्यावर दाखवता येत नाही. चित्रपटाला हालचाल लागते. या उत्तराला थोडा आधार खुद्द टॉल्किनमध्येच सापडतो. १९३९ साली सेंट अँड्र्यूजला दिलेल्या परीकथांवरच्या व्याख्यानात त्याने म्हटलं होतं की अद्भुताचं खरं घर शब्दांत आहे, रंगमंचाला ते पेलत नाही. गोष्टीत नुसती टेकडी म्हटली, की प्रत्येक वाचकाच्या मनात आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या टेकड्यांतून त्याची स्वतःची एक टेकडी उभी राहते. चित्र काढलं की एकाचीच उरते. पण याच टॉल्किनने १९५८ साली, त्याच्या कादंबरीवर बेतलेला चित्रपटाचा एक आराखडा वाचून संतापून लिहिलं की कथनकलेचे नियम माध्यमागणिक पार बदलत नाहीत. वाईट चित्रपट फसतात ते मूळ कृतीचा गाभा कुठे आहे हे न कळल्यामुळे आणि नको ते घुसडल्यामुळे. आराखड्यात मारामाऱ्यांकडे ओढा आहे, ही त्याची तक्रार होती. जॅक्सनच्या चित्रपटांच्या चार दशकांहून जास्त काळ आधी लिहिलेलं हे पत्र आजही कोणी टेबलावर ठेवावं.

आणि ‘दाखवता येत नाही’ याचा पुरावा काय? उलटा पुरावा या चित्रपटांनीच दिला आहे. दुसऱ्या चित्रपटात रात्री सगळे झोपले असताना गॉलम स्वतःशी बोलतो. कॅमेरा एका बाजूने त्याच्यातला स्मेगॉल दाखवतो, दुसऱ्या बाजूने गॉलम. तलवार नाही, धावपळ नाही, एका शरीरातल्या दोघांचं भांडण तेवढं आहे. अँडी सर्किसच्या आवाजाने आणि हालचालींनी, त्यावर संगणकाने चढवलेल्या कातडीने, मनातलं पडद्यावर आणलं आणि जगभरचे प्रेक्षक श्वास रोखून बसले. तिसऱ्या चित्रपटात फॅरामिरचा बाप डेनेथॉर जेवायला बसलेला असतो, त्याच्या ओठांवरून टोमॅटोचा लाल रस ओघळत असतो, त्याचा मुलगा त्याच्याच हट्टापायी मरायला घोडा दौडवत असतो आणि हॉबिट पिपिन त्याच्यासमोर उभा राहून गातो. गाण्याचे शब्द पुस्तकातल्या एका चालताना म्हणायच्या गाण्यातून घेतलेले, चाल पिपिनचं काम करणाऱ्या बिली बॉइडने स्वतः बांधलेली. हा प्रसंग असा पुस्तकात नाही, आणि तो पुस्तकाच्या काळजातून आलेला आहे. बोरोमिरचं मरणही तसंच. पुस्तकात आरागॉर्न पोचतो तेव्हा लढाई होऊन गेलेली असते. चित्रपट ती आपल्यासमोर आणतो, शॉन बीन बाणामागून बाण खात पुन्हा उठतो, आणि पहिल्या भागाचा शेवट तिथे आणण्याचा निर्णय मला पुस्तकाच्या मांडणीपेक्षाही सरस वाटतो. डोंगरामागून डोंगरावर पेटत जाणाऱ्या इशाऱ्याच्या आगींविषयी तर काय लिहावं. न्यूझीलंडच्या त्या बर्फाळ शिखरांवर हॉवर्ड शोरचं संगीत चढत जातं तेव्हा आजही माझ्या अंगावर काटा येतो. टॉल्किनने त्या अग्निज्वाळा धावत्या घोड्यावरून, दुरून, काही ओळींत उरकल्या आहेत.

म्हणून २०१२ साली ‘ल माँद’ला दिलेल्या मुलाखतीत ख्रिस्तोफर टॉल्किनने या चित्रपटांना तरुण पोरांसाठीचे मारधाडपट ठरवलं, ते मला अन्यायाचं वाटतं. ज्याने बापाच्या कागदांची आयुष्यभर राखण केली, त्याचं दुःख मी समजू शकतो. पण सुमारे सव्वानऊ तासांचे हे तीन चित्रपट एकदमच, १९९९ च्या ऑक्टोबरपासून पुढे २७४ दिवस चित्रित झाले. टॉल्किनच्या जगाची चित्रं वर्षानुवर्षं काढणाऱ्या अ‍ॅलन ली आणि जॉन हाऊ यांना बोलावून त्यांच्या रेघेतून शहरं उभी केली. हे पुस्तकावर प्रेम केल्याशिवाय होत नाही. त्या प्रेमापोटीच माझी तक्रार आहे. जे लोक गॉलमचं मन पडद्यावर आणू शकले, त्यांनी पायऱ्यांवरचा तो थरथरता हात आणला नाही. आणता आला असता. दुसऱ्या चित्रपटाचा शेवट गॉलमच्या विश्वासघाताच्या निश्चयावर करायचं ठरलं आणि त्याच क्षणी ते दार लागलं. त्यानंतर तिसऱ्या चित्रपटात तो फक्त खलपुरुष राहतो, आणि खलपुरुषाला कपट करायला काहीतरी लागतं म्हणून मग तो शिदोरीचा चुरा. पुस्तकात मात्र शेलॉबच्या बोगद्याच्या तोंडाशी पोचेपर्यंत काहीही होऊ शकतं.

सॅमचं गोष्टींविषयीचं बोलणंही असंच हललं. पुस्तकात ते याच पायऱ्यांवर होतं, झोप लागण्याच्या जरा आधी. आपणही एका जुन्या, अजून चालू असलेल्या गोष्टीत आहोत, कोणी पुढे ही सांगेल का, असं दोघं बोलतात आणि त्या भयाण जागी फ्रोडो मोकळेपणाने हसतो. त्याच बोलण्यात गॉलमही येतो. तो स्वतःला नायक समजत असेल की खलनायक, असा प्रश्न सॅमला पडतो. चित्रपटाने हे बोलणं ऑस्गिलिआथच्या पडझडीत नेलं आणि त्यावर जिंकणाऱ्या फौजांची दृश्यं पसरली. ऐकायला ते छानच लागतं. पण लगोलग येणाऱ्या झोपेशी, त्या हाताशी त्याचा काही संबंध उरत नाही.

शेवटाविषयी मात्र माझा राग अजून शमलेला नाही. पुस्तकात चौघे हॉबिट परत येतात तेव्हा त्यांचं घर असलेलं शायर लुटलं गेलेलं असतं. झाडं तोडलेली, ओढा घाण झालेला, जुन्या गिरणीच्या जागी धूर ओकणारी नवी, आणि या सगळ्यामागे हरलेला, भिकारी झालेला जादूगार सारुमान. बायवॉटरच्या लढाईत १९ हॉबिट मरतात. पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्किनने सांगितलं आहे की दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडचं हे रूपक नाही. याचं मूळ त्याच्या बालपणात, बर्मिंगहॅमजवळच्या ज्या खेड्यात तो वाढला ते डोळ्यांदेखत उजाड होत गेलं त्यात आहे. त्याच प्रस्तावनेत तो सांगतो की १९१८ पर्यंत त्याचे जवळचे मित्र एक सोडून सगळे मेले होते. सोमच्या खंदकांतून आजारी होऊन परतलेल्या माणसाला घर जसंच्या तसं सापडेल असं लिहिता आलं नाही.

आणि या प्रकरणात फ्रोडो काय करतो? तलवार काढत नाही. हॉबिटाने हॉबिटाला मारू नये म्हणून जीव तोडून सांगत फिरतो. सारुमान त्याच्यावर सुरा चालवतो, आतल्या चिलखतामुळे तो वाचतो, तरी तो सारुमानला जाऊ द्यायला सांगतो. बिल्बोपासून आलेली कणव इथे स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या शत्रूसाठी वापरली जाते. चित्रपटात एल्फ गालाड्रिएलच्या आरशात शायर जळताना क्षणभर दिसतं आणि पुढे काहीच होत नाही. चौघे परत येतात तेव्हा सगळं हिरवंगार असतं. खानावळीत ते चौघं प्याले घेऊन गप्प बसतात आणि आजूबाजूच्या कोणालाच त्यांनी काय पाहिलं ते ठाऊक नसतं, हे दृश्य सुंदर आहे. परत आलेल्या सैनिकाचं एकटेपण त्यात आहे. पण ज्या घराला काहीच झालं नाही, तिथे फ्रोडोची जखम त्याची एकट्याची होऊन बसते.

गालाड्रिएलने सॅमला दिलेली भेटही चित्रपटात बदलली. तिथे त्याला दोर मिळतो. पुस्तकात तिच्या बागेतल्या मातीची एक लहानशी पेटी मिळते आणि तिच्यात चंदेरी सालीचं एक बी. लढाईनंतर सॅम शायरभर हिंडून जिथे जिथे झाड तोडलं होतं तिथे रोप लावतो आणि प्रत्येकाच्या मुळाशी त्या मातीचा एकेक कण ठेवतो. मार्चमध्ये तो याच कामावर बाहेर गेलेला असतो. १३ तारखेला, शेलॉबच्या दंशाला बरोबर वर्ष होतं त्या दिवशी, शेतकरी कॉटनला फ्रोडो अंथरुणात पडलेला सापडतो, गळ्यातला पांढरा मणी मुठीत आवळून, अर्धवट शुद्धीत. सॅम २५ तारखेला परत येतो. तोवर फ्रोडो उठून बसलेला असतो आणि सॅमला काहीच सांगत नाही. एप्रिलच्या ६ तारखेला त्या चंदेरी सालीच्या बियातून उगवलेलं झाड सोनेरी फुलांनी बहरतं आणि ते पाहायला लांबलांबून माणसं येऊ लागतात.